हिरवा त्रिकोण आणि गावाबाहेरचा बेडा



"या देशात हिटलरशाही आलेली आहे" हे वाक्य आम्ही यवतमाळच्या तिरंगा चौकातल्या कितीतरी धरण्यांत ऐकलं आहे. खोटं कशाला बोला, आम्ही स्वतःही ते माईकवरून ठणकावून बोललो आहोत. टाळ्या हमखास पडतात. आणि त्याच शहरात पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद स्पर्धा परीक्षेच्या गाईडशेजारी विकायला असतो. आमचीच पोरं तो 'मोटिव्हेशन' म्हणून वाचतात. हिटलर ही आमच्याकडे एक तर शिवी आहे, नाही तर कौतुकाची गोष्ट. त्याने केलं काय, कोणाला केलं, कोणत्या कायद्याने केलं, हे विचारायला कोणाला वेळ नाही.

आम्हालाही नव्हता. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्तीवर आम्ही तिघं जर्मनीत शिकायला गेलो. एक दारव्ह्याकडचा, एक आर्णीचा, एक वणीचा. हिवाळ्याच्या सुट्टीत म्युनिकला एकत्र जमलो आणि ठरवलं, डाखाऊ पाहून येऊ. म्युनिकहून लोकलने अर्धा तासही लागत नाही. स्टेशनाबाहेर बस उभी असते. तिकीट नाही, प्रवेश फुकट. शाळेच्या पोरांचे जथ्थे शिक्षकांसोबत आत जात होते. एवढं सोपं आहे ते.

लोखंडी फाटक आहे. त्यावर "काम माणसाला मुक्त करतं" अशा अर्थाचे शब्द घडवलेले. आत शिरलं की एक अवाढव्य मोकळं मैदान. ते हजेरीचं मैदान. कैद्यांना सकाळ-संध्याकाळ तिथे उभं करून मोजायचे, आकडा जुळेपर्यंत तासन्‌तास, बर्फातसुद्धा. त्यापलीकडे बराकींच्या नुसत्या चौकटी जमिनीवर आखून ठेवल्या आहेत. दोन बराकी तेवढ्या नव्याने बांधल्या आहेत, बाकी सगळी रिकामी जागा. शेवटी झाडीत प्रेतं जाळायच्या भट्ट्या. २२ मार्च १९३३ ला ही छावणी सुरू झाली. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन फौजांनी ती सोडवली. या बारा वर्षांत २ लाखांहून जास्त माणसं इथे आणि इथल्या उपछावण्यांत कोंडली गेली, सुमारे ४१,५०० मेली.

हे सगळं वाचून आम्ही गप्प झालो होतो हे खरं. पण आम्हाला खरा धक्का बसला तो भट्ट्यांपाशी नव्हे. तो बसला मैदानाच्या कडेला, १९६८ साली उभारलेल्या आंतरराष्ट्रीय स्मारकापाशी. नांदोर ग्लिड या शिल्पकाराचं काम आहे. त्यात एक साखळी आहे, आणि साखळीत रंगीत त्रिकोण अडकवले आहेत. कैद्यांच्या कपड्यांवर कापडी त्रिकोण शिवलेले असायचे, प्रत्येक वर्गाचा रंग वेगळा. लाल राजकीय कैद्यांचा, पिवळा ज्यूंचा, असे. आमच्यातल्या एकाने माहितीफलकावरचा तक्ता आणि साखळी ताडून पाहिली. साखळीत तीन रंग नाहीतच. समलिंगी माणसांचा गुलाबी नाही. 'असामाजिक' म्हणवल्या गेलेल्यांचा काळा नाही. आणि 'गुन्हेगारां'चा हिरवा नाही.

म्हणजे काय झालं? छळछावणीतून वाचलेल्यांनीच स्मारक करायला लावलं, सरकारला आपणहून सुचलं नव्हतं. युद्धानंतर त्याच बराकींत वर्षानुवर्षं निर्वासित राहत होते. वाचलेल्यांनी रेटा लावला तेव्हा कुठे १९६५ साली स्मृतिस्थळ झालं. पण त्या रेटा लावणाऱ्यांनीही म्हटलं, आम्ही राजकीय कैदी, आम्ही निरपराध. हे चोर-भामटे आमच्या रांगेत नकोत. मेलेल्यांतही गावकुस आणि गावकुसाबाहेर. यवतमाळच्या माणसाला हे कळायला दुभाषा लागत नाही.

हिरव्या त्रिकोणाची गोष्ट नीट ऐका. नोव्हेंबर १९३३ मध्ये जर्मनीत एक कायदा झाला, 'धोकादायक सराईत गुन्हेगारां'विरुद्धचा. त्याने शिक्षा भोगून झाल्यावरही माणसाला बेमुदत डांबायची सोय केली. डिसेंबर १९३७ मध्ये आणखी एक फर्मान निघालं, 'गुन्हे होण्याआधीच रोखण्या'चं. मग गुन्हा करायचीही गरज उरली नाही. पोलिसांना वाटलं की हा करील, तर छावणी. १९३८ च्या जूनमध्ये 'कामचुकार' म्हणून दहा हजारांवर माणसं उचलली. त्यात भिकारी होते, भटके होते, फिरस्ते कामगार होते आणि सिंती-रोमाही होते.

हे सिंती आणि रोमा कोण? युरोपातले भटके. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी याच उपखंडातून गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान, नाकाला नाख, आणि माणसाला मानुष. नाझींनी त्यांचे लाखो लोक मारले, पाच लाखांपर्यंत आकडा सांगितला जातो. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्विट्झमधल्या त्यांच्या विभागात उरलेली चार हजारांवर माणसं, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी, एका रात्रीत गॅस चेंबरमध्ये संपवली.

पण हिटलरनेच हे सुरू केलं असं समजू नका. म्युनिकच्या पोलिसांनी या भटक्यांची नोंद ठेवणारं खास दफ्तर १८९९ सालीच उघडलं होतं. बव्हेरियाने 'जिप्सी, भटके आणि कामचुकार' यांच्याविरुद्धचा कायदा १९२६ साली केला. तेव्हा तिथे निवडणुका होत होत्या, विधिमंडळ होतं, वर्तमानपत्रं छापत होती. नाझींना याद्या तयारच मिळाल्या. आणि युद्ध संपल्यावर? १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायपीठाने निवाडा दिला की १९४० साली या लोकांना उचलून नेलं ते वंशामुळे नव्हे, त्यांच्या गुन्हेगारी आणि असामाजिक स्वभावामुळे. म्हणून भरपाई नाही. घरची माणसं राख झालेल्यांना कोर्ट सांगतं, तुमचा स्वभावच तसा होता!

४ एप्रिल १९८० ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, बारा सिंती डाखाऊत आले आणि स्मृतिस्थळाच्या आवारातल्या चर्चमध्ये उपोषणाला बसले. त्यांच्यात छावणीतून वाचलेलेही होते. मागणी साधी होती: पोलिसांकडे आमच्या ज्या जुन्या फायली आहेत त्या दाखवा, आणि आमचा वंशसंहार झाला हे मान्य करा. आठवडाभर बसले. जगभर बातमी गेली. १९८२ साली जर्मन सरकारने वंशसंहार मान्य केला. बर्लिनमध्ये संसदेजवळ त्यांचं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं. आणि तो काळा आणि हिरवा त्रिकोण? जर्मन संसदेने त्यांना नाझींचे बळी म्हणून मान्यता दिली १३ फेब्रुवारी २०२० ला. छावण्या सुटून पंचाहत्तर वर्षं होत आली होती. तेव्हा किती जण जिवंत असतील, तुम्हीच हिशेब करा.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघंही एकच गोष्ट मनात घोळवत होतो आणि कोणी बोलत नव्हतं. शेवटी आर्णीवाला म्हणाला, "अबे, हे तर आपल्या पारध्यांचं झालं."

हो. पारध्यांचं, कैकाड्यांचं, कंजारभाटांचं, बेरडांचं, रामोश्यांचं झालं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. म्युनिकच्या त्या दफ्तराच्या २८ वर्षं आधी. सरकारने राजपत्रात जमातीचं नाव छापलं की ती जमात गुन्हेगार, आणि त्याविरुद्ध कोर्टात जायची सोय नाही. पोलिसांकडे नोंद, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. १८९७ च्या दुरुस्तीने पोरांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची मुभा मिळाली. पुढे बोटांचे ठसे आले. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी जाळं देशभर पसरलं. आणि हे का? तर कायदा मांडताना विधिमंडळात युक्तिवाद झाला तो असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, म्हणजे चोराचा मुलगा चोर. हा तर्क इंग्रजांनी लंडनहून आणला नव्हता. तो इथे आयता होता. जन्मावरून धंदा ठरवणारी चातुर्वर्ण्याची चौकट साहेबाने उचलली आणि तिला पोलिसाचा शिक्का मारला. कायदा इंग्रजांचा, डोकं मनूचं.

मुंबई इलाख्यात या जमातींच्या सेटलमेंट उभ्या राहिल्या, त्यात सोलापूरची मोठी. तारेचं कुंपण, आत माणसं, सकाळ-संध्याकाळ हजेरी. तिथले मजूर सोलापूरच्या गिरण्यांना कामाला मिळायचे. "काम माणसाला मुक्त करतं" ही पाटी तेवढी लावायची राहिली होती. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. घटना लागू होऊन अडीच वर्षं उलटल्यावर. सोलापुरात आजही वस्तीचं नाव 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. छळाचं नाव पत्त्यात राहिलं. पण डाखाऊत जशी बराक नव्याने बांधली, तक्ते लावले, नावं नोंदवली, शाळेची पोरं आणून दाखवली, तसं तिथे काय आहे? आमच्या एकाही शाळेची सहल सोलापूरची सेटलमेंट पाहायला गेल्याचं आम्हाला आठवत नाही. सिद्धेश्वराचं तळं पाहून येतात.

आता काही जण लगेच उठतील. म्हणतील, सेटलमेंट म्हणजे डाखाऊ काय? तिथे कुठे भट्ट्या होत्या? बरोबर आहे, नव्हत्या. आम्ही दोन्ही एका तागडीत घालत नाही आहोत, आणि तिरंगा चौकातल्या भाषणात यापुढे घालणारही नाही. ज्याने डाखाऊ पाहिलं तो हिटलरचं नाव स्वस्तात वापरत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की भट्टी ही शेवटची पायरी होती. पहिली पायरी होती यादी. दुसरी हजेरी. तिसरी कुंपण. पहिल्या तीन पायऱ्या आपल्याकडे जर्मनीच्या आधी बांधून झाल्या होत्या, आणि त्या पुरत्या मोडल्या गेलेल्या नाहीत. १९५२ साली 'गुन्हेगार जमात' गेली, पण राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले. मुंबई राज्याने आपला केला १९५९ साली. १९३३ च्या त्या जर्मन कायद्याचं नाव परत वाचा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतले जातीवर कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले, तेव्हा विमुक्त जमातींना जन्माचे गुन्हेगार मानण्याच्या सवयीवरही बोट ठेवावं लागलं. म्हणजे सवय जिवंत होती.

दुसरे काही जण म्हणतील, जर्मनीचा पुळका तुम्हाला कशाला? ज्यांच्या गुरुजींनी १९३९ साली पुस्तक लिहून जर्मनीने ज्यूंच्या केलेल्या 'शुद्धीकरणा'तून हिंदुस्थानने धडा घ्यावा असं सुचवलं, त्यांनी आम्हाला हे विचारू नये. बाबासाहेबांची भूमिका त्या काळातही स्वच्छ होती. नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांच्या विचारात आणि परिणामात फरक नाही, असं त्यांनी महायुद्ध चालू असताना लिहिलं. इथल्या मजुराला ते युद्ध नाझींनी जिंकू नये असं का वाटलं पाहिजे, हे त्यांनी १९४२ साली रेडिओवरून सांगितलं.

पण खरी अडचण पुढे आहे, आणि ती त्या लोकांची नाही. आपली आहे.

बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' लिहिलं तेव्हा हिंदू संस्कृतीच्या छातीवर आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचं जिणं मांडून जाब विचारला. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन समूह एका ओळीत ठेवले: दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिवासी, पाच कोटी अस्पृश्य. पहिलं नाव कोणाचं घेतलं ते पाहा. त्याही आधी, १९२८ साली, मुंबई सरकारच्या ज्या समितीवर ते सदस्य होते, तिचे अध्यक्ष स्टार्टे हेच इलाख्यातल्या सेटलमेंटचे अधिकारी होते. म्हणजे तारेच्या आत काय चालतं हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्हाला मात्र गावाबाहेरच्या बेड्यात काय चालतं हे ठाऊक नाही. किंवा ठाऊक आहे, आणि म्हणूनच आम्ही तिकडे जात नाही.

आमच्यातल्या एकाच्या गावची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. तुमच्याही गावची असेल. आमची वस्ती गावाच्या एका टोकाला, आणि त्याहून पलीकडे, नाला ओलांडून, फासेपारध्यांचा बेडा. पाच-सहा वर्षांपूर्वी १२ एप्रिलला विहारातला ॲम्प्लिफायर गायब झाला. जयंती दोन दिवसांवर. मंडळाची बैठक बसली, पोरं तापली. कोणीतरी म्हणालं, "बेड्यावरचेच असन, दुसरं कोण?" एवढंच. पुरावा काही नव्हता, कोणी मागितलाही नाही. ठाण्यात तक्रार गेली, गाडी आली, बेड्यावरची दोन पोरं उचलली. दोन दिवस ठेवली. परत आली तेव्हा त्यातल्या एकाला नीट चालता येत नव्हतं. तोवर आमची मिरवणूक निघाली होती, निळे झेंडे, डीजे, "कोण म्हणतो देत नाय" सगळं झालं होतं. मिरवणूक नाल्यापर्यंत जाऊन वळली. दरवर्षी तिथूनच वळते.

आठवड्याने ॲम्प्लिफायर सापडला. मंडळाच्याच एका माणसाने शेजारच्या गावी लग्नाला दिला होता आणि सांगायचं विसरला होता.

ही गोष्ट त्याने डाखाऊच्या बसमध्ये सांगितली. त्या बैठकीत तो स्वतः बसलेला होता. एकही माणूस नाला ओलांडून सांगायला गेला नाही की बाबांनो, आमचं चुकलं. तक्रार मागे घ्यायचीही कोणाला आठवण राहिली नाही. आम्ही सवर्णांना विचारतो, चोरी झाली की पहिला संशय आमच्यावरच काहून घेता? आणि आमच्याकडे चोरी झाली की आमचं बोट नाल्यापलीकडे जातं. आम्ही लाल त्रिकोणवाले झालो आणि हिरव्यांना साखळीत जागा द्यायची नाही म्हणून बसलो.

हे वाचून राग येईल अनेकांना. "चळवळीची बदनामी करता," असा फोनही येईल. येऊ द्या. आणि कोणी म्हणेल, काही पारधी चोऱ्या करतात हे खरंच आहे. असेल. आमच्या वस्तीतलेही काही करतात, पाटलाच्या वाड्यातलेही करतात, मंत्रालयातले तर ठोक भावात करतात. प्रश्न चोरीचा नाही. चोरी एकाने केली तर गाडी सगळ्यांच्या दारात का उभी राहते, हा प्रश्न आहे. जर्मनीच्या त्या कोर्टानेही 'स्वभाव' हाच शब्द वापरला होता.

यवतमाळ जिल्ह्याला तर हे विसरायचा हक्कच नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेडच्या तांड्यातांड्यांतला बंजारा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याच समाजातले गहुलीचे वसंतराव नाईक अकराहून जास्त वर्षं राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्या समाजावर शिक्का होता त्यातला माणूस राज्य चालवू शकतो, हे या जिल्ह्याने दाखवून दिलं. मग त्याच जिल्ह्यात फासेपारध्याच्या पोराला जातीच्या दाखल्यासाठी खेटे का घालावे लागतात? १९५० च्या आधीचा पुरावा आण म्हणतात. ज्याला सरकारने गावात ठरू दिलं नाही, त्याच्याकडे गावचा पुरावा मागतात! पोलिसांच्या जुन्या दफ्तरात मात्र त्याच्या आज्याचं नाव असू शकतं. त्या बारा सिंतींनी उपोषणाला बसून मागितलं ते हेच दफ्तर होतं. ज्या कागदाने आमच्या माणसांना गुन्हेगार केलं, तो कागद आमच्या हातात द्या. आपल्याकडे ही मागणी कोणी लावून धरली? हजेरीची रजिस्टरं कुठे आहेत, किती वाळवीने खाल्ली, किती अजून कपाटात आहेत? अर्ज करा, माहिती अधिकार आहे. दाखल्यालाही तो कागद कामी येईल आणि इतिहासालाही.

सोलापूरच्या सेटलमेंटच्या जागी स्मृतिस्थळ व्हावं, ही मागणी आम्ही यापुढे प्रत्येक निवेदनात घालणार आहोत. पुतळा नको, कमान नको. तारेचा एक तुकडा, हजेरीचं एक रजिस्टर, आणि तिथे जन्मलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवले तरी चालेल. १९५२ साली दहा वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे. जर्मनीसारखे पंचाहत्तर वर्षं थांबलो तर ऐकायला कोणी उरणार नाही.

परत आल्यावर आम्ही तिघं त्या गावी गेलो. नाला ओलांडला. त्या दोघांतला एक कामाला बाहेरगावी गेला होता, दुसरा भेटला. आमच्या दोस्ताने ॲम्प्लिफायरची गोष्ट काढली आणि माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मले मालूम होतं ना भाऊ, सापडला म्हणून. तुमचा भोंगा दुसऱ्या हप्त्यात वाजू राह्यला होता." त्याच्या म्हाताऱ्या आजीने आम्हाला पाणी दिलं. तिच्या सासऱ्याला रोज हजेरी द्यावी लागायची हे तिने सांगितलं, आम्ही ते फोनवर रेकॉर्ड केलं. सव्वा तासाचं आहे.

येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, आम्ही त्याच बेड्यावर बसणार आहोत. भाषण नाही, हार नाही. जातीच्या दाखल्याचे अर्ज भरायचे आहेत, आधारच्या नावातल्या चुका काढायच्या आहेत आणि जुन्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो घेऊन या. ज्यांना कोर्टकचेरीचं कळतं त्यांनी नक्की या. आणि पुढच्या १४ एप्रिलला मिरवणूक नाल्यापाशी वळणार नाही, असं मंडळाच्या बैठकीत मांडलं आहे. दोघांनी विरोध केला आहे. बैठक पुन्हा रविवारी आहे.

जय भीम!